वीस पावले

खैरपाणीच्या दवाखान्यात चार खाटा होत्या आणि चारही रिकाम्या होत्या.

दर महिन्याच्या अखेरीस डॉक्टर गिरधर पाटील धुळ्याला अहवाल पाठवीत. त्यात औषध घेऊन गेलेल्यांचा आकडा असे, देवी टोचलेल्या मुलांचा असे, आणि 'दाखल रोगी' या रकान्यात एकच शब्द असे: निरंक. सन १९३६ च्या माघात हा शब्द त्यांनी सलग पाचव्यांदा लिहिला.

दवाखान्यात नाव ठेवायला जागा नव्हती. भिंतींना दर दिवाळीला चुना लागे. फरशी रोज फिनेलने पुसली जाई. चादरी सोड्यात उकळून परीटघडीच्या होत. दवाखान्यामागे सातपुडा सुरू व्हायचा आणि समोर एक जुनी चिंच होती. बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसे त्या चिंचेपर्यंत येत, सावलीत टेकत, दवाखान्याच्या दाराकडे बघत बसत आणि उन्हे कलली की उठून जात.

"अडाणी माणसं," खिडकीतून बघत डॉक्टर म्हणत.

"व्हतीन, डाक्टर," ड्रेसर दोधू आप्पा पट्ट्या उकळता उकळता उत्तर देई. "पन चिंचलोंग तं येतस. पुढला वीस पावलं काबर येतस नई, ते कोनी इचारं का त्यास्ले?"

दोधू आप्पा लोणखेड्याचा, पंचावन्नीचा माणूस. तीस वर्षे त्याने जखमा धुतल्या होत्या आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या बाजारात मीठ-मिरची विकली होती. त्याच्या बोलण्याकडे डॉक्टर फारसे लक्ष देत नसत.

डॉक्टर स्वतः कळसाडीचे. घरी कापूस, ऊस, चार बैल. पुण्याला शिकून आल्यावर लग्न झाले, आणि दीड वर्षात पत्नी पहिल्या बाळंतपणातच गेली. बाळही गेले. सुईणीच्या न धुतलेल्या हातांनी ताप आला होता. डॉक्टर तेव्हा नोकरीवर होते. कळसाडीला पोचले तेव्हा अंगण सारवून झाले होते. त्या दिवसापासून त्यांनी साबण हाच आपला देव मानला. दुसरे लग्न केले नाही. आई छबूबाई अधूनमधून येऊन राहायची. तीही या माघात गेली, आणि तेव्हाही डॉक्टर उशिरा पोचले. आता दवाखान्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत ते, एक कंदील आणि भिंतीवर टांगलेली आईची जपमाळ, एवढेच होते. कधी कधी दिवसभरात 'पुढचा' आणि 'तोंड उघड' यापलीकडे त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे.

होळीला नऊ दिवस होते. दोधू आप्पा बैलगाडी घेऊन शहाद्याला औषधांच्या पेट्या आणायला गेला होता, आणि त्याच सकाळी डोंगरातून एक झोळी उतरली.

बांबूला घोंगडी बांधून दोन माणसांनी ती खांद्यावर आणली होती. आत विशीतला पोरगा होता. नाव जान्या. लाकूड तोडताना कुऱ्हाड निसटून डाव्या पायाच्या बोटांवर बसली होती. जखम चार दिवसांची होती आणि पाऊल सुजून भोपळ्यासारखे झाले होते. अंगभर राख फासलेली, केसांत राख, कमरेला काळ्या दोऱ्यात एक घुंगरू. बांबूचे पुढचे टोक ज्याच्या खांद्यावर होते तो त्याचा बाप रायसिंग. आणि झोळीच्या मागे, बरीच मागे, एक बाई चालत होती. झोळी दवाखान्याच्या पायरीशी टेकली तशी ती चिंचेखाली थांबली आणि तिथेच बसली.

"ती कोण?" डॉक्टरांनी विचारले.

"माय शे त्यानी. कमलीबाई," रायसिंग बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाला. पोराकडे बोट करून तो पुढे सांगू लागला, "साब, पोऱ्या पाळणीमा शे. त्याले..."

"पाळणी असो की आणखी काही. आधी ही घाण निघायला हवी. जखमेत राख गेली तर पाय जाईल, पाय काय, जीव जाईल! समजलं?"

रायसिंगला सगळे समजले नाही. 'जीव जाईल' एवढे समजले. त्याने पोराला झोळीतून उतरवले.

त्या सकाळी डॉक्टरांनी जे केले ते अत्यंत मन लावून केले, हे इथे नोंदवलेच पाहिजे. पाणी तापवायला लावले. बाह्या वर सारल्या. कार्बोलिक साबणाची नवी वडी फोडली. आणि दोधू नसल्यामुळे त्या पोराला त्यांनी स्वतःच्या हातांनी डोक्यापासून न्हाऊ घातले. कानामागची राख काढली, नखांतली काढली. कमरेचा दोरा कात्रीने कापून घुंगरासकट टोपलीत टाकला. राखेचे पाणी मोरीतून काळे, मग करडे, मग स्वच्छ वाहू लागले. मध्ये एकदा जान्याने त्यांचे मनगट घट्ट धरले.

"दुखतं का? झालं, झालं हं," डॉक्टर म्हणाले. आपला आवाज इतका मऊ निघतो हे त्यांचे त्यांनाच नवे होते.

जखम धुतली, पू काढला, पट्टी बांधली. कोरा सदरा घातला आणि पांढऱ्या चादरीच्या खाटेवर त्याला निजवले. नातेवाइकांनी कुंपणाबाहेर राहायचे आणि आवारात चूल मांडायची नाही, हा नियम दारावरच लिहिलेला होता. रायसिंग आणि त्याचा सोबती निमूट बाहेर गेले. दवाखान्याची स्वयंपाकीण धनुबाई दूधभात घेऊन आली.

"खाय रे भाऊ," ती म्हणाली. "दख, कसा वाळी गया. मी तुन्ही मायनागत शे, लाजू नको."

तिने घास त्याच्या ओठांत घातला. पोराने तो गिळला की नाही कोण जाणे. पण त्यानंतर त्याने तोंड भिंतीकडे केले ते केलेच.

डॉक्टरांनी खिडकीतून पाहिले. चिंचेखाली ती बाई तशीच बसलेली. सकाळपासून ती एक पाऊल पुढे आली नव्हती. पोराच्या जवळ नाही, पाणी नाही, डोक्यावर हात नाही! डॉक्टरांना आपल्या मेलेल्या आईची आठवण झाली आणि संताप आवरेना. ते ताडताड पायऱ्या उतरून चिंचेखाली गेले.

"आई आहेस की कोण? पोटचा पोर मरणाच्या दारात आहे आणि तू लांब बसून बघतेस? तुला काही वाटत नाही?"

बाईने वर पाहिले नाही. पदर ओढला आणि जमिनीकडे बघत राहिली. तिच्या मुठीत माती होती, ती तिने अधिकच आवळली.

दुपारी डॉक्टरांनी 'दाखल रोगी' या रकान्यात '१' लिहिले. मग ते कितीतरी वेळ त्या खाटेशी खुर्ची घेऊन बसले. कळसाडीच्या उसाबद्दल, पुण्याच्या थंडीबद्दल बोलले. पोरगा ऐकत होता की नाही, ठाऊक नाही. खोलीत दोन माणसे होती आणि दोघेही एकेकटे होते. फक्त एकाला ते कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. खाटेजवळच्या फरशीवर रक्ताचा बोटभर डाग होता. म्हणजे रात्र त्याने जमिनीवरच काढली होती. सदरा घडी करून उशाशी ठेवला होता. टोपलीत टाकलेला दोरा आणि घुंगरू तेवढे नव्हते. चिंचेखाली कोणी नव्हते.

डॉक्टरांनी '१' समोर 'पळाला' असे लिहिले. लिहिताना नीब कागदात रुतली.

तिसऱ्या प्रहरी दोधू आप्पाची गाडी परत येईल अशी त्यांना आशा होती, पण ती आली दुसऱ्या दिवशी दुपारी. आप्पाने पेट्या उतरवल्या, बाटल्या मोजून फळीवर लावल्या. डॉक्टरांनी घडले ते सगळे सांगितले. निदान हा तरी आपल्या बाजूने हळहळेल, असे त्यांना वाटले होते.

"अंगले राख व्हती?" आप्पाने विचारले. "कमरले घुंगरू?"

"होतं. का?"

आप्पाने हातातली बाटली खाली ठेवली. "डाक्टर, तुम्ही काय काय करं ते परत सांगा. एक एक."

"अंघोळ घातली. खाटेवर निजवला. धनुबाईनं भरवलं. आणि ती आई, दगडासारखी..."

प्रत्येक वाक्याला आप्पा एकेक बोट मिटत होता. मूठ मिटली तशी ती त्याने आपल्याच कपाळावर टेकली.

"होळीना नवस शे तो," तो सावकाश म्हणाला. "पाळणी म्हनतस. जोवर पाळणी शे तोवर आंग धोवानं नई. खाटवर बसानं नई. बाईना हातनं खावानं नई. कोनी बाईनी त्याले शिवानं नई. मायनी बी नई. आते समजनं का, ती काबर लांब बशेल व्हती? ती कठोर नई, डाक्टर. ती पोऱ्यानी पाळणी राखी ऱ्हायनी व्हती!"

डॉक्टर खुर्चीत सावरून बसले. "आप्पा, हे खूळ आहे. पायात पू झालाय त्याच्या. घाण ती घाण. माझी बायको कशानं गेली, तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक शे. म्हनीसनच इतला दिन काही बोलनू नई." आप्पा स्टुलावर बसला. डॉक्टरांसमोर तो कधी बसत नसे. "पन आते एक इचारस. दोन वरीस पहिले भादवामा छबूमाय अठे उनी व्हती. थंडीताप व्हता. आठवस?"

"आठवतं."

"खाटवर निजनी का ती?"

डॉक्टर फळीवरची एक बाटली सरळ करू लागले.

"काबर नई निजनी?"

"चातुर्मास होता. चातुर्मासात ती खाटेवर निजत नसे."

"मंग? तुम्ही तिले उचलीसन खाटवर टाकं का?"

"आप्पा..."

"क्विनाईन सकायना सातले देवानं, असं तुम्हीच लिखेल व्हतं. तुळसनी पूजा व्हईस्तोवर तुम्ही नऊलोंग वाटीमा गोळी धरीसन हुभा व्हतात. अठलं पानी नको म्हने ती, तं नदीवरथून कळशी कोन लयना? धनुबाईले सांगं का तुम्ही? नई. सोता लयनात. मी दखं ना!"

"ती माझी आई होती," डॉक्टर म्हणाले.

"आनि हाऊ कोना पोऱ्या शे?"

बाहेर धनुबाई ताटल्या घासत होती, तो आवाजही थांबला.

"तिनं ते सोवळं," आप्पा उठत म्हणाला. "आनि ह्यानं ते खूळ. घाव धोवाना व्हता, डाक्टर. तुम्ही आख्खा माणूस धुई टाकेल शे!"

डॉक्टरांना झोळी उतरली ती सकाळ आठवली. रायसिंगने तोंड उघडले होते. 'पाळणीमा शे' हे शब्द त्यांनी स्वच्छ ऐकले होते. म्हणजे काय, एवढेच विचारायचे होते. त्यांनी विचारले नव्हते! जो पोरगा त्यांच्याकडे जीव वाचवायला आला होता, त्याच्यापाशी जपण्यासारखे जे काही होते ते त्यांनी अर्ध्या तासात मोरीत सोडून दिले होते. आणि वर त्याच्या आईला विचारले होते, तुला काही वाटत नाही?

"वरचा पाडा किती लांब?" त्यांनी विचारले.

"पाच कोस. चढ शे."

"पहाटेच निघू."

आप्पाने बॅग भरायला घेतली.

उन्हे चढेपर्यंत ते दोघे पाड्यावर पोचले होते. वाटेत मोहाची फुले वेचणाऱ्या बाया त्यांना बघून बाजूला झाल्या. रायसिंगची झोपडी टेकाडावर होती. बाहेर, छपराखाली, गवतावर जान्या पडला होता. अंगाला पुन्हा राख होती, कमरेला गाठ मारलेला दोरा. आई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला खांबाशी बसलेली. डॉक्टरांना बघून पोराने तोंड फिरवले.

पट्टी त्याने काढली नव्हती. तिच्यातून वास येत होता. पट्टीच्या टोकाशी धाकटी दोन बोटे काळी पडलेली दिसत होती.

डॉक्टरांनी बॅग खाली ठेवली. पण ती उघडली नाही. ते जमिनीवर मांडी घालून बसले, आणि कितीतरी वर्षांनी कळसाडीच्या अंगणातली भाषा त्यांच्या तोंडी आली.

"रायसिंगभाऊ, मन्हं चुकनं. तू सांगी ऱ्हायंता, मी आयकं नई. आते सांग. ह्याले काय काय चालत नई? एक एक सांग. मी लिखी लेस."

रायसिंगने आप्पाकडे पाहिले. आप्पाने मान हलवली. मग रायसिंग सांगू लागला, आणि डॉक्टर मांडीवरच्या कागदावर लिहू लागले. चार वर्षांपूर्वी कमलीबाई तापाने जायला टेकली होती. तेव्हा जान्याने पाच होळ्यांचा नवस बोलला. ही पाचवी. पाळणी मोडली तर आईच्या जिवावर येईल, हे त्याच्या मनाने घेतले होते. म्हणून तो रांगत, लंगडत निघून आला होता. पाय गेला तरी चालेल. पण आई जाता कामा नये. आजपासून पुन्हा पूर्ण नऊ दिवस पाळायचे, असे त्याने ठरवले होते.

डॉक्टरांचा कागद हातातच राहिला. पोरगा आपल्या पायासाठी झगडत नव्हताच! तोही आईसाठीच झगडत होता.

"जान्या," ते म्हणाले, "तुन्ही पाळणी मी मोडावं नई. जमीनवर निज. बाप रांधी, तेच खा. बाई जोडे येवाव नई. पन पाय धोवाच लागी. रोज. आनि ह्या दोन बोटं..." त्यांनी खोटे सांगितले नाही. "ह्या दोन बोटं जातीन. नई काढ्या तं पाय जाई."

आप्पाने ते त्यांच्या पावरी बोलीत सांगितले. जान्याने आपल्या काळ्या बोटांकडे पाहिले. मग तो कोपरावर उठला. शेजारच्या चुलीतली चिमूटभर राख घेतली आणि आपल्या डाव्या घोट्याभोवती बोटाने एक रेघ ओढली. रेघेच्या खाली बोट दाखवून तो काहीतरी म्हणाला. मग वर दाखवून काहीतरी म्हणाला.

"रेघना खाले तुम्हनं," आप्पाने सांगितले. "वर त्यानं."

"ही रेघ मी ओलांडणार नाही," डॉक्टर म्हणाले. आणि त्यांनी बॅग उघडली.

बोटे दवाखान्यातच काढायला हवी होती, म्हणून जान्याला पुन्हा झोळीत घातले. निघण्याआधी डॉक्टर अंगणाच्या मध्यापर्यंत गेले. कमलीबाईला काय म्हणायचे ते वाटेत पाच कोस जुळवले होते, पण आता सुचेना. शेवटी त्यांनी नुसते हात जोडले. कमलीबाई खांबाशीच उभी राहिली आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाली.

"इचारस," रायसिंग म्हणाला, "साबले माय शे का?"

"नाही. या माघात गेली."

त्याने ते तिला सांगितले. बाई क्षणभर डॉक्टरांकडे बघत राहिली. पहिल्यांदाच. मग आणखी काहीतरी म्हणाली. रायसिंग जरा अडखळला.

"म्हनस, मंग साबले कोन राखस?"

डॉक्टर झोळीशी गेले. त्यांनी वाकून बांबूचे मागचे टोक स्वतःच्या खांद्यावर घेतले.

दवाखान्यासमोर, पायरीशेजारी भिंतीच्या आडोशाला, गवत पसरून जागा केली. रायसिंगने तीन दगड मांडले. दारावरची नियमाची पाटी डॉक्टरांनी स्वतः उतरवली. बोटे सुईने बधिर करून त्यांनी त्याच संध्याकाळी दोन्ही काढली. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ ते जमिनीवर गुडघे टेकून जखम धूत. पाण्याचा एक थेंबही राखेच्या रेघेवर उडू नये म्हणून डाव्या हाताने घोट्यावर कोरडे फडके धरीत.

"डाक्टर, तुम्हीबी नवस लिया का?" आप्पा एकदा म्हणाला. "रोज गुडघावर दिसतस!"

धनुबाई मात्र दोन दिवस फुगून होती. "मन्हा हात काय सडी गयात का? आख्खा दवाखाना मन्हा हातनं खास."

"तुन्हा हात सोनाना शे, बाई," आप्पाने समजूत घातली. "म्हनीसनच त्यासले देव घाबरस." ती हसली. मग ती रोज ज्वारीचे पीठ कुंपणावर ठेवू लागली, आणि रायसिंग ते उचलून नेऊ लागला.

कमलीबाई चिंचेखाली होती. आता तिच्याकडे बघताना डॉक्टरांना वेगळेच दिसे. पोरगा कण्हला की ती अर्धवट उठे, आणि परत बसे. ते उठणे आणि ते बसणे! त्यापरते कठीण काम त्यांनी कुठल्या इस्पितळात पाहिले नव्हते.

होळी आली. संध्याकाळी डोंगरातून ढोल ऐकू येऊ लागले. पाड्यापाड्यांचे पोरगे मोरपिसांचे टोप घालून नाचायला गेले होते. जान्या गवतावर पडून ऐकत होता. उजवा पाय हळूच ठेका धरी; मग थांबे. त्याची होळी अजून आली नव्हती. ती तीन दिवसांनी, सगळ्यांच्या होळ्या विझल्यावर, त्याची एकट्याची यायची होती. डॉक्टर पायरीवर बसले होते. त्या संध्याकाळी ते उठून खोलीत गेले नाहीत.

नववा दिवस सरला. दहाव्या दिवशी सकाळी रायसिंगने अंगणात पाच काटक्यांची होळी पेटवली. जान्याने बापाच्या खांद्याचा आधार घेऊन तिच्याभोवती लंगडत पाच फेऱ्या घातल्या. घुंगरू प्रत्येक पावलाला वाजले. मग बापाने त्याला न्हाऊ घातले, आणि घोट्यावरची रेघ पुसली गेली.

रायसिंगने चिंचेकडे बघून हाक मारली.

कमलीबाई उठली. निघण्यापूर्वी तिने एकदा डॉक्टरांकडे पाहिले, आणि डॉक्टर वाटेतून बाजूला झाले. ती धावली नाही. चालत आली. पायरीशी उभे राहून डॉक्टर तिची पावले मोजत होते, आणि ती बरोबर वीस भरली. तिने दोन्ही हात पोराच्या ओल्या डोक्यावर ठेवले आणि तसेच राहू दिले. मग खाली बसून पट्टीवरून हात फिरवला. तीन बोटे होती. दोन नव्हती. तिने पाय पदराखाली झाकला, भाकरीचा तुकडा मोडला आणि वीस वर्षांच्या पोराला तान्ह्यासारखा घास भरवला.

थोड्या वेळाने ती उठली. उरलेली अर्धी भाकरी पळसाच्या पानावर ठेवून तिने ती डॉक्टरांसमोर धरली. डॉक्टरांनी ती पायरीवर बसून खाल्ली. आई गेल्यानंतर कोणी समोर उभे राहून त्यांना वाढले नव्हते.

त्या महिन्याच्या अहवालात 'दाखल रोगी' समोर '१' होता आणि 'पळाला' हा शब्द खोडला होता. पुढे दाखल्याच्या वहीत नाव, गाव, वय, दुखणे यांच्यानंतर डॉक्टरांनी पट्टीने आखून एक रकाना वाढवला: 'काय पाळतो?' तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांनी विचारले, हा कोणाच्या हुकुमाने? "एका रोग्याच्या आईच्या," डॉक्टर म्हणाले. साहेबांनी चार खाटांकडे पाहिले. दोन खाटांवर माणसे होती, आणि तिसरा रोगी खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून सुखाने झोपला होता. साहेबांनी वहीवर सही केली.

चिंचेखाली अजूनही माणसे बसत. सगळी आत येत असत, असे नाही. पण काही येत.

वाचकहो, तुमच्याआमच्यातले कोणी डॉक्टर असेल, कोणी सुईण, कोणी मास्तर, कोणी कचेरीत बसणारा. औषध सगळ्यांसाठी एकच असते, पण ते घेणारी माणसे एकसारखी नसतात. आपल्या आईचे सोवळे आपल्याला कळते. दुसऱ्याच्या आईचे कळत नाही, आणि कळत नाही त्याला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. जिथे जीव वाचवायचा आहे तिथे साबणाला सोडू नका. पण साबण कुठवर लावायचा, हे ज्याचे अंग आहे त्याला विचारा. तो प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. खैरपाणीच्या दवाखान्यात तो एकदा विचारायचा राहिला, आणि त्यापायी दोन बोटे गेली. ती डॉक्टरांची नव्हती.